आडातली पांढरी लडी

वडगावात आमच्या घरामागं एक आड आहे. अर्धा आमच्या परड्यात, अर्धा शेजारच्या आक्कांच्या. घरात नळ आल्यापासून मला तो अडगळच वाटायचा. आक्का मात्र दर सोमवारी सुताची पांढरी लडी दोरीला बांधून आडात सोडायच्या आणि दुसऱ्या दिवशी उजेडात धरून बघायच्या. जे सुताला लागतं ते पोटालाही लागतं, असं त्या म्हणायच्या.

"आक्का, नळ असताना ह्या म्हाताऱ्या आडाचे लाड कशाला?" मी चिडवायचो.

"नळ पाव्हणा हाय रं. रुसला तर कुणाच्या दारात जाशील?"

मी कुणाचं ऐकणारा नव्हतो. मागावर विणायच्या साड्यांचं सूत घरीच रंगवायचो. त्या हिवाळ्यात रंगाचं उरलेलं पाणी ओतायला परड्याच्या कोपऱ्यात खड्डा काढला, आडापासून वीसेक पावलांवर. मातीत सगळं गाळून जातं, असं गल्लीला छातीठोकपणे सांगितलंही.

उन्हाळ्यात मोठी पाइपलाइन फुटली आणि नळ कोरडे पडले. तिसऱ्या दिवशी सगळी गल्ली घागरी घेऊन आमच्या परड्यात उभी. आक्कांनी आदल्या दिवशी सोडलेली लडी वर ओढली. इतके दिवस पांढरीच निघायची, आज तिला फिकट जांभळी झाक होती. तो जांभळा मला लगेच ओळखू आला. गेला महिनाभर मी त्याच रंगात हात घालून बसलो होतो. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, म्हणतात. इथं आडात मीच घातलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आक्कांनीही ओळखलं असणार. पण त्या एवढंच म्हणाल्या, "ह्ये पाणी कुणी प्यायचं न्हाय." त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

"खड्डा माझा हाय," मी सगळ्यांसमोर बोललो. रिकाम्या घागरी घेऊन लोक टँकरची वाट बघायला निघून गेले.

खड्ड्यातली रंगलेली माती मी उकरून काढली, घरचं रंगकाम बंद केलं. मग दर सोमवारी लडी मीच सोडायला लागलो. दोन पावसाळे गेले तेव्हा कुठं ती पांढरी आली. पाणी तपासून घेतलं, तेही पिण्याजोगं निघालं.

आक्कांनी तांब्या भरून माझ्यापुढं धरला.

"पैला तू पी."

दोन्ही हातांनी तांब्या धरून मी प्यालो. मग आक्का प्याल्या.