किडनीच्या तासाला गोळाभात

मी मेडिकल कॉलेजात फिजिऑलॉजी शिकवते. प्रोफेसर व्हायचं तर कॉम्प्युटरच्या कोर्सचं सर्टिफिकेट पाहिजे, असा फतवा आला आणि बावन्नाव्या वर्षी मला पुन्हा बाकावर बसावं लागलं. इतकी वर्षं मी सांगायचं आणि ज्युनिअरनं टाइप करायचं, असं आमचं सुखात चाललं होतं. कुणाच्या पोटात दुखलं कोण जाणे. शिकवायला कोण, तर माझीच जुनी विद्यार्थिनी. पास-नापास तिच्या हातात.

पहिल्या दिवशी सरावाला कुठल्याही विषयावर स्लाइड्स करायच्या होत्या. मी आमच्या वऱ्हाडी गोळाभातावर केल्या. मग परीक्षेसाठी किडनीवर चाळीस केल्या, एका बोटानं, मान मोडेस्तोवर. काम झाल्यावर भिंतीवरचं बटन बंद केलं, घरी मिक्सरचं करते तसं.

दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं शिकवून दाखवायचं होतं. समोर वीस डॉक्टर, दुपारचा एक वाजलेला. मी ऐटीत म्हटलं, "आज आपण किडनी पाहू," आणि पडद्यावर आला गोळाभात, फोटोसकट. किडनी कुठेच नाही. सेव्ह करावं लागतं म्हणे! गोळाभात तेवढा तिनं केला होता. ती ते सांगत होती तेव्हा मी चहा प्यायला गेले होते.

प्रोफेसरकी गेलीच म्हणून समजले. मग रागच आला. म्हटलं, बसा आता, हेच शिका. डाळीचा भरडा किती घ्यायचा, भात अर्धा शिजल्यावरच गोळे काहून ठेवायचे, सगळं सांगितलं. पहिल्या रांगेत सकाळपासून पेंगणारे सर्जन ताठ बसून लिहायला लागले.

"मॅडम, आमच्याकडे गोळे फुटून जातात. काहून?"

"मोहन जास्त होत असेल. अंदाजानं घालू नका, मोजा."

"अन् वरून तेल किती घ्यायचं?"

"तुमचं कोलेस्टेरॉल सांगा, मग सांगते."

पाचाची वीस मिनिटं झाली तरी घंटी वाजली नाही. घंटी वाजवणारी माझी विद्यार्थिनीच लिहून घेत होती.

तिनं सर्टिफिकेट हातात दिलं तेव्हा मी म्हटलं, "अगं, विषयच चुकला ना माझा."

"शिकवणं नाही चुकलं, मॅडम. कॉलेजात किडनी तुम्ही आम्हाला पुस्तकातून वाचून दाखवली होती. मी फिजिऑलॉजीच्या परीक्षेला दोनदा बसले."

टोमणा नव्हता तो, हसतच म्हणाली. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या चाळीस स्लाइड्स मी परत केल्याच नाहीत. सोमवारी वर्गात नुसता खडू घेऊन गेले.