दाजी आणि पहिला पाहुणा

कारखान्यातल्या एका वायरमनला सगळे दाजी म्हणत. त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ तिथेच क्रेन चालवायचा. तो दाजी म्हणे, म्हणून फिटरपासून साहेबांपर्यंत सगळेच म्हणू लागले. अख्खा कारखाना सासुरवाडी झाला, पण जावयाचा मान काही कुणी देत नाही, असं ते हसत सांगत.

क्रेनची बटणं आणि ब्रेक बॅटरीच्या विजेवर चालत. ती वीज मुद्दामच जमिनीला कुठे जोडलेली नव्हती. त्यामुळे एखाद्या तारेचं आवरण झिजून ती लोखंडाला टेकली, तरी काम अडत नसे. फक्त पॅनलवरच्या दोन जुळ्या दिव्यांपैकी एक मालवे आणि दुसरा भगभगून पेटे. दाजी म्हणत, "पाहुणा आला." एकटा पाहुणा कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याला शोधायचं तर तारांचा एकेक फाटा बंद करून दिव्यांकडे बघत बसायचं, तोवर क्रेन उभी. म्हणून त्याला कारखान्याच्या सुट्टीपर्यंत राहू द्यायची तिथली रीतच होती.

एकदा असाच एक पाहुणा आला, सुट्टीही आली, पण दाजी घरी झोपून राहिले. कंटाळा, दुसरं काही नाही. पुढच्या सुट्टीला बघू म्हणाले. मध्येच दुसरा पाहुणा आला, तोही नेमका बटण आणि ब्रेक यांच्यामधल्या तारेवर. विजेला लोखंडातून आडवाट मिळाली, बटण न दाबताच ब्रेक सुटला, आणि टांगलेला साचा खाली येऊन एका फिटरच्या पायाची बोटं चिरडली.

"बटणाला हात लागला असणार," साहेब म्हणाले. मेहुण्याने मान खाली घातली आणि त्याची रवानगी झाडलोटीवर झाली. दाजींनी त्याच संध्याकाळी दोन्ही तारा गुपचूप दुरुस्त केल्या आणि तोंडाला कुलूप लावलं. चोराच्या मनात चांदणं! कुणी "दाजी, जेवलात का?" विचारलं तरी ते दचकत. स्वतःची लाज वाटे, पण नोकरीची भीती त्याहून मोठी होती.

एका सुट्टीला मेहुणा जेवायला आला. दाजींच्या बायकोने नेहमीसारखा भावाचा उद्धार केला. "डोळे कुठे होते तुझे? बिचाऱ्याचा पाय गेला!"

"मला दाबल्याचं आठवत नाही गं. पण दाबलंच असणार." एवढ्यात छोटी भाची हात पसरून आली, तर तो मागे सरला. "नको, माझ्या हातून पडेल."

दाजींनी हातातला घास ताटात ठेवला. "तू बटण दाबलंच नव्हतंस," ते म्हणाले, आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे मी नव्हतो?" मेहुण्याने पुन्हा विचारलं. "खरंच मी नव्हतो?" रागावणं राहिलं बाजूलाच, तो भाचीला उचलून लहान पोरासारखा रडायला लागला. त्याने शिव्या घातल्या असत्या तर दाजींना बरं वाटलं असतं.

बायको मात्र दाजींकडेच बघत होती.

"उद्या साहेबांना सांगतो," दाजी पुटपुटले.

"उद्या?" ती म्हणाली. "इतके दिवस मी माझ्या भावाला वाट्टेल ते बोलत होते, आणि तुम्ही शेजारी बसून जेवत होतात."

दाजी भरल्या ताटावरून उठले आणि साहेबांच्या घराकडे निघाले.