टोपी उडालेली उडी

हिरो एकच, चित्रपट दोन. दोन्हींत मारामारी, दोन्हींत गच्चीवरून उडी. माझ्या ताईचा जावई म्हणतो, दुसरा भारी. म्हणू दे. त्याला पडदा दिसतो. मला पडद्याच्या खालची खोकी दिसतात.

ती खोकी मी रचायचो. पुठ्ठ्याची, रिकामी, झाकणं उघडी. थरावर थर, वर गाद्या, भोवती दोरी. माणूस पडला की खोकी चेपतात आणि माणूस वाचतो. चेपलेलं खोकं पुन्हा लावायचं नाही, या कामाचा नियम तेवढाच. वरून पडायचे आमचे दाजी, ताईचा नवरा, हिरोचे कपडे घालून.

पहिल्या चित्रपटाच्या वेळी हिरो नवा होता. लाथा स्वतः मारायचा, खायचाही. तुकडे न पाडता सलग चाललेली मारामारी आहे ती, आणि शेवटी त्याला लागलेली धाप खरी आहे. उडी तेवढी दाजींची. ती झाल्यावर खोक्यांत शिरून दाजींना हात द्यायला तो स्वतः आला होता. मला म्हणाला, "झकास रचलीस रे. जेवलास का?"

दुसऱ्याच्या वेळी बुवा खुर्चीतून उठेना. पाय उचलला की कट. समोरच्याला लागतो तो पाय भलत्याचाच. आणि याला लोक वेग म्हणतात!

दाजींनी त्यातली उडी सुरेख मारली. फक्त डोक्यावरची टोपी उडाली. हिरो बसल्या जागेवरून म्हणाला, "टोपी गेली. परत घ्या."

मी म्हणालो, "खोकी बदलू द्या."

"ऊन चाललंय," त्याचा माणूस म्हणाला.

मी खोक्यांवर चढून उभा राहिलो. दोघांनी मला ओढून खाली काढलं. वरून दाजी ओरडले, "उतर रे मेव्हण्या! तुझ्यावर पडलो तर तुझी ताई मला घरात घ्यायची नाही!" सगळे हसले. टोपी दोऱ्याने हनुवटीखाली बांधली. दाजी पडले. खुबा मोडला तो कायमचा.

तो चित्रपट दाजींनी कधी पाहिला नाही, घरात लावू दिला नाही. मला एकदाच म्हणाले, "टोपी बांधलेली उडी घेतली असेल तर ठीक. पाय कामी आला म्हणायचं."

परवा जावयाने विषय काढलाच. पाय शूटिंगमध्ये गेला एवढंच त्याला माहीत. कोणत्या, ते नाही.

"बाबा, पहिला जरा संथच आहे हो. दुसऱ्यातली उडी बघा, काय आहे!"

दाजींनी काठी भिंतीला टेकवली. "टोपी उडते का रे त्यात?"

"टोपी? लक्ष नव्हतं बुवा. लावू?"

"काही नको," ताई आतून म्हणाली.

"लाव," दाजी म्हणाले.

जावयाने चित्रपट उडीपर्यंत पुढे पळवला. मग दाजी कठड्यावर आले. सुटले. मान आत, पाठ गोल, हात छातीशी. आणि टोपी उडाली. गिरकी घेत पडद्याबाहेर गेली.

"अरे वा!" जावई टाळी वाजवत म्हणाला. "टोपीनेच मजा आणलीय की!"

ताई दारात येऊन उभी होती. तिने जावयाकडे असं पाहिलं की त्याची टाळी अर्ध्यात राहिली.

"पहिलीच घेतली," दाजी म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "चांगली पडली होती ना रे?"

"त्याहून चांगली मी पाहिली नाही. म्हणून तर घेतली, हरामखोरांनी."

आता पडद्यावर हिरो जमिनीवरून उठणार होता, कपडे झटकत. मी जाऊन टीव्हीचं बटण बंद केलं.

"मामा, पुढचं बघू द्या की!"

"पुढचं तुझ्या घरी बघ."

दाजी उठायला बघत होते. काठी हाताच्या टप्प्यात नव्हती. मी उचलून दिली.