चिपसेट म्हणजे आडनाव

दादाच्या नाकावर आमचं घर चालतं, असं मी चेष्टेने म्हणायचे. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. घराच्या पुढच्या खोलीत तो कॉम्प्युटर दुरुस्त करतो. तीस वर्षं सोल्डरिंग करून बोटं बधिर झालीत, पण मशीनच्या मुख्य बोर्डवर काय तापतंय ते तो वासावरून सांगतो.

गिऱ्हाइकं मशीनचा वेग वाढवून मागतात. त्यात एखादा शहाणा हमखास विचारतो, "मित्राच्या बोर्डवर हाच चिपसेट आहे. मग त्याचं पळतं, माझं का नाही?"

"चिपसेट म्हणजे आडनाव," दादा म्हणतो. "आडनाव एक म्हणून सगळे भाऊ सारखे पळतात का?"

मग तो दोन बोर्ड शेजारी ठेवतो. एकावर प्रोसेसरला वीज पुरवणारे भाग बारा, वर उष्णता ओढून घेणारी धातूची जाड पट्टी. दुसऱ्यावर चारच, तेही उघडेबोडके. चौघांवर बाराजणांचं ओझं टाकलं की ते भाजून निघतात. स्क्रीनवर दिसतं ते प्रोसेसरचं तापमान. या चौघांचं सांगायला स्वस्त बोर्डात काही नसतं. म्हणून वेग वाढवला की दादा मशीनवर नाक धरून बसतो, मगच पास करतो.

त्या सकाळी दूध करपलं. दादा शेगडीशेजारीच चहा पीत होता. "लक्ष कुठे असतं रे तुझं?" म्हणून मी तोंड सोडलं. एरवी एकाला दोन उत्तरं देणारा माणूस, त्या दिवशी पातेलं उचलून घासायला बसला. मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

दुपारी माझ्या लेकीचं मशीन होतं. ती इमारतींची चित्रं करते आणि तिचं काम अडून पडलं होतं. तिचा बोर्ड चार भागांचा. टेबलाला लागून पाळणा, पाळण्यात माझी सहा महिन्यांची नात झोपलेली. तासाभराने दादाने आवाज दिला, "पास! अजून थोडा वाढवतो गं."

मला स्वयंपाकघरात वास आला, प्लास्टिक जळल्याचा, घशाला झोंबणारा. धावत गेले. बोर्डमधून धुराची बारीक रेघ निघत होती आणि तिच्यापासून वीतभर अंतरावर दादाचं नाक. नजर स्क्रीनवर, चेहरा शांत. मी भिंतीवरचं बटण बंद केलं आणि नातीला उचललं.

"बंद का केलंस?" तो माझ्यावरच चिडला.

"जळतंय दादा! वास येत नाही तुला?"

आता त्याला धूर दिसला. तो खुर्चीत मागे टेकला. "तापातून उठल्यापासून येत नाही. वाटलं, येईल परत."

ताप येऊन आठ महिने झाले होते. "आणि तू पास करत होतास?"

"नाक गेलं म्हटल्यावर मला कोण विचारणार होतं?"

भिंतीवर गिऱ्हाइकांचे नंबर लिहिलेले आहेत, पास झालेल्यांपुढे खूण. तापानंतरच्या खुणा एकवीस निघाल्या. दादा एकेकाला फोन लावून सांगू लागला, "मशीन बंद करा. आत्ता. कारण नंतर सांगतो."

पाचवा नंबर मागच्या गल्लीतल्या शिकवणीवाल्या बाईंचा. त्या धड्यांचे व्हिडिओ करतात, म्हणून त्यांना वेग हवा होता. या वेळी त्यांच्या खोलीत वीसेक मुलं असतात. घंटी वाजत राहिली, वाजून थांबली. दादाने पुन्हा लावला. कोणी उचलेना.

तो चपला न घालताच बाहेर धावला.