एका स्क्रूइतका उशीर

परवा अमरावतीला नर्सिंगच्या मुलींसमोर बोलायला गेले होते. एकीने विचारलं, "सिस्टर, तुम्ही कधी चालू ऑपरेशन थांबवलंय?" मी रुबाबात सांगितलं, हो, एकदा... दिसलं आणि लगेच थांबवलं.

टाळ्या पडल्या. पण परतीच्या एसटीत अकोल्यापर्यंत माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. कारण त्यातला 'लगेच' खोटा होता.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी अकोल्यात हाडांच्या एका छोट्या हॉस्पिटलमध्ये ओटी सिस्टर, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधली नर्स होते. आमच्याकडे सी-आर्म नवाच आला होता. ऑपरेशन चालू असताना हाडाचा एक्स-रे स्क्रीनवर दाखवणारं मशीन... त्याचा मोठा वाकडा हात पेशंटच्या वरून, खालून, बाजूने फिरतो.

आता फिरणारी वस्तू निर्जंतुक ठेवायची म्हणजे डोक्याला ताप. आम्ही त्याला कापडाची साधी खोळ घालायचो, नाडीने बांधलेली. हात फिरला की खोळ सरकायची, लोंबायची. माझा अर्धा जीव त्या नाडीत अडकलेला असायचा.

त्या दिवशी टेबलवर कमलबाई होत्या, बार्शीटाकळीकडच्या. त्या वर्षांत कापसाचं काही खरं राहिलं नव्हतं, म्हणून त्यांनी रान झेंडूखाली आणलं होतं. दसरा महिन्यावर आलेला, आणि बाई विहिरीजवळ घसरून पडल्या. खुबा मोडला.

मणक्यात इंजेक्शन दिलेलं, त्यामुळे कंबरेखाली बधिर, पण बाई टक्क जाग्या. पडद्यापलीकडून एकच घोर... "बाई, मी पुन्ना चालीन न्? फुलं कोन तोडीन?" त्यांचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून मी म्हटलं, दसऱ्याला आमच्या ओटीच्या दाराला फुलं द्याल ना?

तेवढ्यात ऑपरेशन करणाऱ्या सरांनी बाजूचा फोटो मागितला. सी-आर्मचा हात खाली गेला, खोळीची कड सुटली आणि जमिनीला टेकली. मग हात वर आला, आणि तीच कड कमलबाईंच्या मांडीवरच्या कापडाला घासून गेली... जखमेपासून जेमतेम वीतभर.

सरांची नजर स्क्रीनवर. टेक्निशियन बटणांवर. पाहिलं फक्त मी.

सर म्हणाले, "स्क्रू." आणि मी स्क्रू दिला.

हो, दिला. मनात म्हटलं, जरासंच तर लागलं, अँटिबायोटिक आहेच की... आणि सरांचा राग कोण ओढवून घेणार? निर्जंतुक कापडांचा एकच ड्रम शिल्लक होता, तोही पुढच्या पेशंटचा. हात काम करत राहिले.

तेव्हा पडद्यामागून कमलबाईंचं उत्तर आलं. "देईन न् बाई. सोता निवडून देईन. भुईले टेकलेलं फूल देवाले चालत नाई. कोनी पाह्यलं नसलं तरी मी ते टोपलीत परत टाकत नाई."

त्यांना बिचारीला काय माहीत इकडे काय चाललंय! माझ्या तोंडून निघालं, "सर, थांबा."

"काय झालं?"

"खोळ जमिनीला टेकून वर आली. मांडीच्या कापडाला लागली. शेवटच्या स्क्रूच्या आधी."

सरांनी माझ्याकडे जे पाहिलं ते आजही आठवतं. मग त्यांनी तो स्क्रू परत काढला. जखम धुतली, कापडं बदलली, गाऊन, ग्लोव्हज, सगळं नवीन. पुढचं ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं, आणि त्या पेशंटच्या नातेवाइकांची बोलणी मी खाल्ली.

"काहून थांबले जी?" कमलबाई विचारत राहिल्या. मी म्हटलं, फूल खाली पडलं होतं. त्या म्हणाल्या, "मंग बरं केलं."

दुसऱ्या दिवशी नवी खोळ शिवून घ्यायला तडक ताजनापेठेतल्या रफीकभाई टेलरकडे गेले. त्यांना ओटीची टोपी-चप्पल घालायला लावून आत आणलं. मशीनकडे पाहून म्हणाले, "सिस्टर, कमर कहाँ है इसकी?" आणि खरंच गळ्यातली टेप काढून शेरवानीचं माप घ्यावं तसं माप घेतलं.

त्यांनी आत भरपूर चुण्या ठेवल्या, दोन्ही टोकांना इलॅस्टिक, आणि टेबलापासून मशीनच्या हातापर्यंत एक ताणता-सोडता येणारं कापड. हात कसाही फिरवा, कापड सोबत उघडायचं, मिटायचं, लोंबायचं नाही. पहिली खोळ मात्र रफीकभाईंनी प्रेमाने कांजी करून, कडक इस्त्री मारून आणली! पापडासारखी. ती कांजी काढायला धुऊन धुऊन हात दुखले माझे.

पण कमलबाईंचं काय? टाके निघेपर्यंत मला चैन नव्हतं. ड्रेसिंग माझ्याकडे नसतानाही मी जाऊन बघायचे... लाली आहे का, ओल आहे का, ताप किती. वॉर्डातल्या सिस्टर वैतागल्या. जखम कोरडी राहिली.

दसऱ्याला त्यांची सून टोपली घेऊन आली, वर पांढरं फडकं बांधलेलं. म्हणाली, "सासूबाईनं वॉकर धरून बांधावर उभं राहून तोडून घेतले. सांगतलं हाय, एकबी खाली पडलेलं नाई म्हना सिस्टरले."

मी टोपली हातात घेतली आणि तिथेच रडले.

तर अमरावतीच्या मुलींनो, हे वाचत असाल तर माझं उत्तर दुरुस्त करून घ्या. मी लगेच थांबवलं नव्हतं. एका स्क्रूइतका उशीर केला होता, आणि थांबले तीही माझी मी नाही... टेबलवर पडलेल्या बाईने थांबवलं.