अप्पांच्या जीपमधलं स्टेशन

गाडीच्या टेपचं दुकान चालवलं की किस्से आपोआप साठतात. वायरींचे तुकडे साठतात तसेच. कामाला येत नाहीत आणि टाकवतही नाहीत.

माझं दुकान तुळजापुरात, नळदुर्ग रोडला. साठलेल्या किश्शांतले निम्मे एकट्या शिवलिंगअप्पांचे. अप्पा माझ्या वडिलांच्या वयाचे, भाड्याने जीप चालवतात. जीपमध्ये कॅसेट आणि रेडिओ असलेला जुना टेप आणि त्यांच्या खिशात बोटाएवढा एमपीथ्री प्लेअर. त्यात पार्वतीकाकूंची, म्हणजे त्यांच्या बायकोची भजनं भरलेली.

काकू दर सोमवारी महादेवाच्या देवळात गायच्या, निम्मं मराठीत, निम्मं कानडीत. मग गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. तेव्हापासून त्या गळ्याभोवती पदर गुंडाळून बसतात आणि सोमवारी भजन सुरू झालं की खिडकी लावून घेतात. हे अप्पांनीच मला सांगितलं. अप्पांना एवढंच हवं होतं, की तो आवाज जीपमध्ये वाजावा आणि काकूंनी पुन्हा चार माणसांत बसावं.

मी म्हणालो, "अप्पा, इअरफोन लावा की."

"भजन काय एकट्याच्या कानात घालायचं औषध हाय व्हय रं?"

*

पहिल्यांदा मी त्यांना वायरवाली कॅसेट दिली. दिसायला कॅसेटच, पण आत रीळ नाही, मागून वायर निघते. वायर प्लेअरला जोडायची आणि कॅसेट टेपात सारायची. पण अप्पांचा टेप मानी. दोन मिनिटं वाजवायचा आणि कॅसेट बाहेर फेकायचा.

दुसऱ्या दिवशी पाहतो तर कॅसेट टेपाच्या तोंडात दाबून बसवलेली, तिला आडवी काठी लावलेली आणि काठीचं दुसरं टोक सीटला टेकवलेलं. गिअरचा दांडा बरोबर काठीच्या मागे अडकलेला.

"अप्पा, गिअर कसा टाकता?"

"तिसऱ्यातच चालवतो."

*

काठी काढायला लावली, तेव्हा कॅसेटची वायर तुटली. मग अप्पांनी स्वतःच डोकं चालवलं. प्लेअरला इअरफोन लावले आणि ते रिकाम्या तांब्यात सोडले. तांब्या घुमतो, आवाज मोठा होतो. वाईट नव्हती युक्ती.

येडशीला निघालेल्या एका म्हातारीला तहान लागली. तिनं तांब्या उचलून तोंडाला लावला, तसाच खाली ठेवला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली.

"ड्रायवर, तुमचं पाणी गायला लागलंय."

अप्पांनी हे मला सांगितलं तेव्हा हसले नाहीत. म्हणाले, "पण ऐकलं तिनं. उतरंस्तोवर ऐकलं."

*

शेवटी मीच हट्टाने नवा टेप बसवला. पुढे भोक, त्यात सरळ वायर घालायची, झालं. आवाज असा स्वच्छ, की देवळातल्या घंटेचा नादसुद्धा ऐकू यावा. मी खूश होतो. अप्पा काकूंना घेऊन आले, त्यांना पुढच्या सीटवर बसवलं आणि प्लेअर लावला.

काकूंनी एक ओळ ऐकली. मग हात पुढे करून वायर उपटली, नीट गुंडाळली, अप्पांच्या हातात दिली आणि खाली उतरून पायीच घराकडे निघाल्या.

मी म्हणालो, "आवाज चांगला नाही आला का, अप्पा?"

"लई चांगला आला. काढ तो टेप."

मी जुना टेप परत बसवला. त्या दिवशी दुकानात दुसरं काम मला जमलं नाही. फार वाईट वाटलं.

*

काही आठवड्यांनी अप्पा पुन्हा आले. म्हणाले, "मी ऐकलेलं ती धरत न्हाय. मी नवरा हाय. दुसरं कुणी ऐकलं पायजे."

मग मी त्यांना एफएमची डबी दिली. ही सिगारेट पेटवायच्या सॉकेटमध्ये बसते. प्लेअरची वायर डबीला, डबीवर एक आकडा लावायचा, रेडिओवर तोच आकडा धरायचा, की गाणं रेडिओतून येतं. फक्त आकडा असा हवा, जिथं कुठलंच स्टेशन लागत नाही.

अप्पांनी नेमका सोलापूरच्या स्टेशनचा आकडा लावला. इकडं बहुतेक गाड्यांत तेच स्टेशन चालू असतं.

"अप्पा, दोन्ही आवाज एकात मिसळतील. रिकामा आकडा धरा."

"रिकाम्या जागंवर कशाला? तिथं कोण ऐकायला येतंय?"

"अहो, ही डबी चार हातांपलीकडं पोचत नाही."

"चार हातांवर बी माणसं असत्यात."

मी हात टेकले.

*

एकदा मला नळदुर्गला एका ट्रकच्या टेपचं काम होतं. अप्पा तिकडेच निघालेले. काकू पुढे, बहिणीकडे जायला. मी मागे. हायवेला लागलो आणि थांबलो. पुढे ट्रक आडवा झालेला, गाड्याच गाड्या. ऊन मी म्हणत होतं. सगळ्यांनी इंजिनं बंद केली, काचा खाली केल्या.

अप्पांनी रेडिओ लावला. स्टेशन आधीच खरखरत होतं. मग त्यांनी खिशात हात घालून प्लेअरचं बटण दाबलं. खरखर गेली आणि काकू गायला लागल्या.

काकूंचा हात वायरीकडे गेला.

तेवढ्यात तोच आवाज शेजारच्या गाडीतूनही आला. काकूंचा हात तिथंच थांबला. त्या गाडीत एक वयस्क जोडपं होतं. त्या गृहस्थांनी आवाज वाढवला. त्यांची बायको डोळे मिटून बसली आणि मांडीवर ताल धरू लागली. भजन संपलं.

मग त्या गृहस्थांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"पाव्हणं, तुमच्याकडं बी हेच स्टेशन लागलंय जणू. नाव सांगितलं का हो? कोण बाई गात्यात?"

अप्पांनी तोंड उघडलं आणि मिटलं. ते समोर रस्त्याकडे बघत राहिले.

काकूंनी गळ्याभोवतीचा पदर सोडला, खिडकीकडे वळून स्वतःच्या छातीवर हात ठेवला.