जास्तीचा तरवा

आमच्याकडे कोण जमीन विकणार हे तलाठ्याच्या आधी राब सांगतो. उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा पसरून जमिनीचा एक तुकडा भाजायचा, त्यात भाताचं बी टाकायचं आणि पुढे ती रोपं, म्हणजे तरवा, उपटून खाचरात लावायची. ज्यानं राब भाजला नाही, त्याचं शेतीवरून मन उडालं समजायचं.

त्या वर्षी माझ्या थोरल्या जाऊबाईंनी राब भाजला नाही.

कासार आंबोलीत आमची खाचरं एकाखाली एक आहेत. डोंगराचं पाणी आधी त्यांच्या खाचरात उतरतं, तिथून बांधाला ठेवलेल्या तोंडातून माझ्या. पुण्यालगतच्या भूगावच्या इमारती इकडे सरकताना आम्ही रोज बघत होतो, पण दुसऱ्याच्या घरचं लग्न बघावं तशा. मग बंगल्यासाठी जागा शोधणारे एक साहेब जाऊबाईंकडे दोनदा येऊन गेले. जाऊबाईंचा मुलगा हिंजवडीत नोकरीला. शेती करणार कोण, विकून टाक, म्हणून तो आईच्या मागे लागला होता. त्याचंही चुकत नव्हतं. पण वरचं खाचर मुरूम टाकून भरलं की माझं कोरडं पडणार, हे उघड होतं.

जाऊबाईंना विचारायचा मला धीर होईना. विचारलं आणि त्या 'व्हय' म्हणाल्या तर? त्या भीतीनं चिडून मी घरात होतं नव्हतं तेवढं इंद्रायणीचं बी आमच्या राबात टाकून दिलं. नवरा म्हणाला, एवढा तरवा लावणार कुठे? मी म्हटलं, तुमच्या डोक्यावर.

लावणीचे दिवस आले. तरवा खरंच गरजेपेक्षा जास्त झाला होता. आमच्यात उरलेला तरवा कुणी विकत नाही, मागेल त्याला देतात. आणि मागतो तोच, ज्याला भात लावायचाय.

मी तरवा उपटत होते. जाऊबाई डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन बांधावर येऊन उभ्या राहिल्या.

"तरवा उरतोय का गं तुझा?"

मी हातातली रोपांची मूठ खाली ठेवली. माहीत असूनही मी विचारलं, तुमच्या राबाचं काय झालं?

"भाजलाच न्हाई. इकायचंच ठरलं हुतं." त्या खाली उतरून माझ्या शेजारी वाकल्या. "काल त्यो सायब म्हनला, बांधावर भित घालतो. म्हनलं, मग पानी? तर म्हनतो, गटारीत सोडू. धाकटे, ते पानी तुझं हाय. त्याला गटार कशी दाखवू मी?"

मला रडू फुटलं. पावसात ते दिसलं नसेल असं मी आजही धरून चालते.

एकमेकींच्या लावणीला जायची आमच्या बायकांची रीतच आहे. सगळ्या मिळून आधी त्यांचं खाचर लावलं, मग माझं. बांधाचं तोंड जाऊबाईंनी स्वतः फावड्यानं मोठं केलं.

आता भूगावच्या सोसायट्यांतली माणसं आमचा तांदूळ घ्यायला गाड्या घेऊन येतात, वास बरा आहे म्हणतात. जागा बघायलाही येतातच. जाऊबाईंचा मुलगा अजून कुरकुरतो. पुढचं मला ठाऊक नाही, पण ताटात वाफाळता भात वाढला की जाऊबाईंचे उपकार आठवतात आणि बरं वाटतं.

दर उन्हाळ्यात मी त्यांच्या वाट्याचंही बी आमच्याच राबात टाकते. एवढा तरवा लावणार कुठे, असं नवरा आता विचारत नाही.